मदत हवी आहे : होडीच्या केबिनमध्ये स्वयंपाक आणि कार्बन मोनॉक्साइड

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरचा. मालवणला माझ्या मावसभावाची केबिनवाली छोटी होडी आहे. थंडीत आम्ही मित्र तिकडं जातो आणि रात्रीचा रस्सा होडीतच शिजतो. वारा सुटला की ताडपत्री सोडायची, दार ओढून घ्यायचं, कोळशाची शेगडी आत पेटलेलीच. जेवणं झाली की तेच निखारे उबेला ठेवून सगळे झोपतात. बंद जागेत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो, म्हणून मला याची खरंच भीती वाटते.

भाऊ म्हणतो, 'गॅस असला तर वास येईलच की.' पण तो वास सिलिंडरच्या गॅसात मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरतो. डोकं दुखलं, मळमळलं, चक्कर आली, तर होडीवर सगळे 'बोट लागली' म्हणून सोडून देतात. तिथंच घात होतो.

निखारे आत ठेवायचे नाहीत, एवढं मी भावाकडून कबूल करून घेतलंय. आता अलार्म बसवायचाय. दुकानात विचारलं की धुराचा किंवा एलपीजीचा दाखवतात. त्या अलार्मना कार्बन मोनॉक्साइड कळत नाही. होड्यांमधल्या कार्बन मोनॉक्साइड अलार्मसाठीचं युरोपीय मानक ईएन ५०२९१-२ आहे. तसा अलार्म कोल्हापुरात कुणी घेतलाय का? खाऱ्या हवेत टिकतो का? आणि लाटांचं पाणी आत न येता कायम उघडी राहतील अशी हवेची भोकं केबिनला कुठं पाडावीत? होडी बांधणारं कुणी ओळखीचं असेल तर जरूर सांगा.