मदत हवी आहे : कारंजं चालू आहे, पण छोटे पक्षी पाण्यावर येत नाहीत

निंबोळी :
इंदूरला अंगणात घरीच कारंजं केलंय. पाणी व्यवस्थित उडतं. पंधरा दिवस झाले, एकही छोटा पक्षी उतरला नाही. जास्वंदीवर शिंजीर, चष्मेवाले, शिंपी दिवसभर असतात, पण पाण्याकडे फिरकत नाहीत. काय चुकतंय ते लवकर सांगा. ऊन वाढत चाललंय, आणि हे सगळं मी त्यांच्यासाठीच केलंय.

रामबागकर :
कारंजं कशात केलंय? खोली किती? पंप कोणता? सावली आहे का?

चिऊताई_वाचवा :
लाकडी घरटी लावा. भोक ३२ मिमीचं ठेवा, म्हणजे चिमणी आत जाते आणि साळुंकी जात नाही. तोंड पूर्वेला ठेवा.

निंबोळी :
घरट्यांबद्दल विचारलेलं नाही. सिमेंटचं टाकं आहे, अडीच फूट रुंद, मीच घातलं. आतून निळ्या टाइल्स. कूलरचा पंप लावलाय, मधल्या पाइपातून धार दोन फूट वर जाते.

रामबागकर :
खोली अजून सांगितली नाहीत.

निंबोळी :
एक वीत असेल.

रामबागकर :
मग कोण उतरणार, ताई? शिंजीर चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम १० सेंमी. त्याला वीतभर पाणी म्हणजे विहीर. काठाशी अर्धा इंच, मधे फार तर दोन इंच, आणि तळ खरबरीत हवा. टाइलवर त्यांचे पाय घसरतात. टाकं फोडू नका, आत विटा आणि नदीचे गोटे रचून उतार करा. कूलरचा पंप तासाला हजार लिटरच्या आसपास पाणी फेकतो, ती धार छोट्या पक्ष्यांना बुजवते.

सौरऊर्जा_घरोघरी :
भिया, सोलरचा तरंगता पंप टाका. वीज नको, वायर नको. माझ्याकडे दोन वर्षं चालू आहे.

रामबागकर :
त्याला थेट ऊन लागतं. मे महिन्यात उन्हातलं दोन इंच पाणी दुपारी हात घालवत नाही इतकं तापतं. सावलीत ठेवलं की पंप बंद.

सौरऊर्जा_घरोघरी :
पॅनल वेगळं असलेला पंपही मिळतो. पॅनल उन्हात, पाणी सावलीत. न वापरता नावं ठेवू नका.

वायरमन_भाऊ :
आधी हे वाचा. कूलरच्या पंपाची वायर अंगणात उघडी आहे का? लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का? नसेल तर आजच प्लग काढा. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचाच, त्यात सूट नाही. आणि विटा रचून पाणी कमी केलंत की पंप कोरडा फिरून जळेल.

नर्मदाकाठ :
मला मुळात कारंजंच पटत नाही. १९७८पासून आपण नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे ७० किमीवरून उपसून आणतोय. ते हवेत उडवायचं?

मालव्यातली_काकू :
अगं, कारंजं राहू दे. महादेवावर गळती टांगतात ना, तशी मातीची मटकी टांग. उज्जैनला वैशाख-ज्येष्ठात महाकाळावर गलंतिका बांधतात, तीच रीत. मटकीच्या बुडाला बारीक भोक पाड, सुती वात घट्ट ओव. खाली कुंडीची पसरट मातीची ताटली, बिनरंगाची. सेकंदाला एक थेंब पडला तर तासाला १८० मिली लागतं, म्हणजे दिवसाच्या बारा तासांत दोन लिटरच्या थोडं वर. नर्मदाकाठ यांचीही हरकत राहणार नाही. उंची हात-दीड हात ठेव, थेंबाचा टपटप आवाज यायला हवा. माझ्याकडे चष्मेवाले त्या आवाजावर थव्याने येतात, आधी फांदीवर ओळीत बसतात, मग एकेक उतरतो. पाणी मातीत गारही राहतं.

गप्पीवाला :
डासांचं काय? गप्पी सोडा.

मालव्यातली_काकू :
इंचभर पाण्यात गप्पी? उन्हाने मरतील बिचारे. दिवसाआड पाणी ओतून ताटली काथ्याने घासायची. नुसतं ओतून भागत नाही, डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटलेली असतात आणि उन्हाळ्यात आठवड्यात डास तयार होतो.

रामबागकर :
एक राहिलं. टाकं नवीनच दिसतंय. सिमेंटमधून चुना उतरतो, पाणी क्षारीय होतं. भरून, ओतून, असं बरेच दिवस करावं लागतं. केलंत का?

निंबोळी :
एकदाच ओतलं. मटकी आणते. ताटली टाक्याच्या काठावर ठेवू का? तिथे शेजारची मांजर झोपते, तेवढी जागा सोडून.

रामबागकर :
मांजर!! हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. काठावर नको. कंबरेएवढ्या स्टँडवर ठेवा, भोवती पाच-सहा फूट मोकळं, मांजर दबा धरेल अशी कुंडीही नको. पण वर उडून बसायला फांदी हवी, ओले पक्षी लांब उडू शकत नाहीत.

निंबोळी :
चार दिवसांनी लिहितेय. पंप काढला. मटकी कडुलिंबाला टांगली, ताटली स्टँडवर. आज सकाळी साडेसहाला सात चष्मेवाले आले! शिंजीर मात्र ताटलीत उतरत नाही. थेंब उडून जास्वंदीची पानं ओली होतात, त्यांच्यावरच अंग घासतो. ताटलीत काही खोट आहे का?

मालव्यातली_काकू :
काही खोट नाही. तो ओल्या पानांवरच न्हातो. मटकी वीतभर जास्वंदीकडे सरकव. वात दर आठवड्याला बदल, शेवाळ धरलं की थेंब अडतो.

सौरऊर्जा_घरोघरी :
तो काढलेला पंप कितीला देणार?