सल्ला हवा: मेलबर्नच्या भाड्याच्या घरात एक खोली गरम करायची आहे (बजेट २०० डॉलर, प्लीज २००च)

गारठलेला_प्रेस्टन
नमस्कार मंडळी. आई-बाबा सांगलीहून २० जूनला येतायत, तीन महिन्यांसाठी. आमचं घर भाड्याचं, जुनं, लाकडी फळ्यांचं (वेदरबोर्ड). हॉलमध्ये भिंतीतला गॅस हीटर आहे, पण त्याची ऊब मागच्या खोलीपर्यंत पोचत नाही. आई-बाबांना तीच खोली द्यायची आहे. साधारण ३ बाय साडेतीन मीटर, एक मोठी एकेरी काचेची खिडकी, खाली फळ्या. आज सकाळी सहाला थर्मामीटर ठेवून पाहिला, खोलीत ११ अंश. अजून मे चालू आहे!
बाबा ७१, मधुमेह आहे. आई ६६, तिला काही नाही, पण तिला सगळ्याची भीती वाटते.
कोणता हीटर घेऊ? बजेट २०० डॉलर. भिंतीला भोक पाडायला घरमालकाचा एजंट परवानगी देत नाही.

टार्नीटकर
स्प्लिट सिस्टिम लाव आणि विषय संपव. रिव्हर्स सायकल, म्हणजे गार आणि गरम दोन्ही करणारा भिंतीवरचा एसी. आम्ही गेल्या वर्षी तीन खोल्यांत लावले. जेवढी वीज खातो त्याच्या तिप्पट-चौपट उष्णता देतो, बाकी सगळे हीटर म्हणजे पैशांची होळी. एका खोलीचा फिटिंगसकट दोन हजारांच्या आसपास गेला. आमचं घर नवीन असल्यामुळे तशी फारशी गरजच पडत नाही म्हणा.

गारठलेला_प्रेस्टन
धन्यवाद टार्नीटकर. भाड्याचं घर. २०० डॉलर.

टार्नीटकर
हो, पण लाँग टर्म विचार कर.

कोकणी_काजू
तेलाचा हीटर घ्या. ऑइल कॉलम. डोळे झाकून. माझ्याकडे डेलाँगीचा आहे, नऊ वर्षं झाली, तीन घरं बदलली, एक चाक तुटलं, खाली वीट लावली आहे, अजून चालतो. आवाज नाही, उजेड नाही, रात्रभर मंद ठेवायचा. १५० ते २०० मध्ये बसेल. गरम व्हायला अर्धा तास लागतो, म्हणून झोपायच्या आधी लावायचा. वर मोजे वाळतात. (कंपनी सांगते वाळवू नका. आम्ही वाळवतो.)

मंद्या_कॅनबेरा
११ अंश? आमच्याकडे जुलैत सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ जुन्या क्रेडिट कार्डाने खरवडतो आम्ही. शून्याखाली असतं. मेलबर्नवाल्यांनी थंडीबद्दल धागे काढू नयेत.

डार्विनमामा
आमच्याकडे जून-जुलै म्हणजे वर्षातला उत्तम मोसम. दुपारी ३०-३१, आकाश निळं, रात्री पंखा एकवर. आई-बाबांना इकडे पाठवा, फक्त तिकिटाचा खर्च 😀

अनुजा_क्लेटन
मामा, डिसेंबरात लिहा हं डार्विनबद्दल.
मूळ प्रश्न: खोली गरम करूच नका, माणूस गरम करा! इलेक्ट्रिक थ्रो घ्या. अंगावर घ्यायचं विजेचं पांघरूण. ६०-७० डॉलरला मिळतं, दोन घेतले तरी बजेटमध्ये. १६० वॉट वगैरे खातं. हिशेब करा: २४०० वॉटचा हीटर पाच तास पूर्ण ताकदीने म्हणजे १२ युनिट, माझ्या बिलात युनिटला ३० सेंट, म्हणजे रोजचे ३ डॉलर ६०. थ्रो तेवढाच वेळ लावला तर २४ सेंट. मी सोफ्यावर त्यात गुंडाळून बसते, हातात चहा, बाहेर पाऊस. ऑस्ट्रेलियात आल्यापासूनचं हे माझं सर्वात मोठं सुख, नवरा धरून.

कोकणी_काजू
हीटर पाच तास पूर्ण ताकदीने चालत नाही. थर्मोस्टॅट असतो. खोली तापली की बंद पडतो. हिशेब चुकीचा.

अनुजा_क्लेटन
प्रेस्टनच्या वेदरबोर्डात खोली तापतच नाही, त्यामुळे बंद पडत नाही. हिशेब बरोबर.

नर्सबाई
जरा थांबा. बाबांना मधुमेह आहे असं लिहिलंय. पायाची संवेदना कमी झाली असेल तर विजेचं ब्लँकेट आणि गरम पाण्याची पिशवी, दोन्ही जपून. भाजलेलं कळत नाही, सकाळी फोड दिसतो. मी वॉर्डात पाहिलंय. वापरायचंच असेल तर आधी अर्धा तास अंथरूण गरम करा आणि अंथरुणात शिरताना बंद करा. पिशवीत उकळतं पाणी कधीच नाही. आणि वयस्कर माणसांच्या खोलीत १८ अंशांच्या खाली जाऊ देऊ नका, जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. ११ हे फार कमी आहे, चेष्टेचा विषय नाही. मंद्या, तुम्हालाही सांगतेय.

मंद्या_कॅनबेरा
आमच्या घरात हीटिंग आहे हो. बर्फ बाहेर असतो.

पेठेतला_सीफर्डकर
मला एक कळत नाही. पुण्यात डिसेंबरात ८-९ अंश असायचं, आम्ही एक चादर घेऊन झोपायचो. इथे १२ ला हाडं वाजतात. १४ वर्षं झाली, उत्तर मिळालेलं नाही.

मंद्या_कॅनबेरा
तेव्हा वय किती होतं?

पेठेतला_सीफर्डकर
वयाचा संबंध नाही. वाड्याच्या भिंती दीड हात जाड होत्या.

जुनाजाणता_९४
सीफर्डकरांनी उत्तर स्वतःच दिलं. जाड भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री परत देते. शिवाय पुण्यात दुपारी २८-३० होतं. इथे दुपारी १४, आणि भिंत म्हणजे फळी, पोकळी, प्लास्टरबोर्ड. इथली जुनी घरं उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून बांधल्यासारखी, आणि उन्हाळ्यातही तापतातच. आम्ही ९४ साली कोबर्गला पहिलं घर घेतलं भाड्याने, तेव्हा पडदा वाऱ्याने हलायचा, खिडकी बंद असताना. तेव्हा असे धागे नव्हते, विचारणार कुणाला? शेजारची इटालियन आजी होती, तिने मला दाराखालचा साप शिवून दिला. होय, साप. कापडाची लांब नळी, आत वाळू, दाराच्या फटीपाशी ठेवायची. इथे डोअर स्नेकच म्हणतात. आमच्या सौ. पहिल्या दिवशी अंधारात पाहून किंचाळल्या होत्या.
असो. गारठलेल्या, वर बघ. छताला चौकोनी जाळी आहे का? उन्हाळ्याच्या थंडाव्यासाठी छपरावर इव्हॅपोरेटिव्ह कूलर असेल तर त्याचे डक्ट थेट छपरापर्यंत जातात. थंडीत तिथून गरम हवा वर पळते, गार हवा खाली पडते. तू हीटर लावशील आणि आभाळ तापवशील. आधी ती जाळी झाक. जाळीच्या मापाची कव्हरं मिळतात, किंवा जाड पुठ्ठा आणि रंग न उचलणारी टेप. उन्हाळ्यात कूलर लावायच्या आधी काढायला विसरू नकोस.

तेलंगखेडी_टू_ट्रुगनिना
तेलाचा हीटर घ्या. आमच्याकडे आहे. मस्त.

सुगरण_७
+१ तेलाचा हीटर. फक्त एक्स्टेन्शनच्या पट्टीत लावू नका, थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये. आमची पट्टी वितळली. वास आधी मला वाटलं खोबरं करपलं.

गारठलेला_प्रेस्टन
जुनाजाणता काका, आत्ता स्टूल घेऊन पाहिलं. आहे जाळी!! हात धरला तर गार वारा येतोय. दोन वर्षं या घरात राहतोय आणि मला वाटायचं ती आगीची काहीतरी सोय आहे.

जुनाजाणता_९४
काका म्हणालास, बरं वाटलं. आता खिडकी. बनिंग्जमधून (हार्डवेअरचं दुकान) बबल रॅप आण, काचेवर पाण्याचा फवारा मार, फुगे काचेकडे करून चिकटव. टेपसुद्धा लागत नाही. दिसायला भिकार दिसतं. पडदा जमिनीपर्यंतचा हवा.

अनुजा_क्लेटन
बबल रॅपच्या मागे पाणी साचून काळी बुरशी येते. आमच्याकडे आली. एजंटने इन्स्पेक्शनला आमच्याच नावावर टाकली, 'लाइफस्टाइल'मुळे म्हणे. म्हणजे आम्ही श्वास घेतो म्हणून.

जुनाजाणता_९४
आठवड्यातून एकदा काढून पुसायचं. आळस नको.

पेठेतला_सीफर्डकर
फोडणीमुळे पण येते बुरशी. आमच्या एक्झॉस्टचं तोंड बाहेर नाहीच, तो वाफ ओढतो आणि माझ्याच कपाळावर सोडतो.

भाडेकरू_संघर्ष
सगळे खरेदीच सांगतायत, हक्क कुणी सांगत नाही. आपल्या व्हिक्टोरिया राज्यात २९ मार्च २०२१ पासून भाड्याच्या घरात मुख्य बैठकीच्या खोलीत पक्का बसवलेला, चालू असलेला हीटर असलाच पाहिजे. २०२३ पासून तो कमी वीज-गॅस खाणारा हवा. दुर्दैवाने झोपायच्या खोलीला हा नियम नाही, त्यामुळे मागच्या खोलीसाठी काही मिळणार नाही. पण गॅस हीटरची तपासणी मालकाने दर दोन वर्षांनी करून घ्यायची असते. कार्बन मोनॉक्साइडचा प्रश्न आहे, वास येत नाही. शेवटची तपासणी कधी झाली ते एजंटला ईमेलवर विचारा. फोनवर नाही, ईमेलवर. आई-बाबा दिवसभर त्याच हॉलमध्ये बसणार आहेत. आणि हॉलचा हीटर बंद पडला तर ती 'अर्जंट' दुरुस्ती धरतात, १४ दिवस थांबायचं नसतं.

गारठलेला_प्रेस्टन
हे माहीतच नव्हतं. ईमेल टाकला.

टार्नीटकर
म्हणून म्हणतो स्वतःचं घर घ्या.

सुगरण_७
आईला येताना गोधडी आणायला सांगा की! जुन्या साड्यांची. कुठलं पांघरूण तिची बरोबरी करणार? माझ्या आजेसासूबाईंची आहे आमच्याकडे, नऊवारीची, अजून कॉलर आयडीसारखी प्रत्येक साडी ओळखता येते.

तेलंगखेडी_टू_ट्रुगनिना
गोधडीचं वजन चार किलो. त्यात चार किलो भाजणी येते.

सुगरण_७
गोधडीत भाजणी गुंडाळायची.

मंद्या_कॅनबेरा
आणि दोन्ही विमानतळावरच्या कार्डावर लिहायचं. खाण्याचं काहीही असलं की 'हो'वर खूण करायची, मग ते बघून ठरवतात. लपवलं तर दंड. माझ्या सासऱ्यांनी 'नाही'वर खूण केली आणि पिशवीत आंब्याच्या कोयी. पुढचं विचारू नका.

कोकणी_काजू
कोयी कशाला आणल्या?

मंद्या_कॅनबेरा
लावायला. कॅनबेरात. बर्फात.

नर्सबाई
एक राहिलं. काही घ्या, पण लाल तारांचा बार हीटर घेऊ नका. पांघरूण, साडीचा पदर, पडदा, काहीही पेट घेऊ शकतं. निदान मीटरभर अंतर लागतं.

कोकणी_काजू
+१. बार हीटर नकोच. तेलाचा.

अनुजा_क्लेटन
या एका बाबतीत काजूंशी सहमत. बार हीटर नको.

टार्नीटकर
बार हीटर कुणी घेतं का आता?

गारठलेला_प्रेस्टन
अपडेट देतो, दोन आठवडे झाले.
छताची जाळी पुठ्ठ्याने झाकली, दारात साप ठेवला (मी तांदूळ भरले, वाळू कुठून आणू), ऑप शॉपमध्ये (जुन्या वस्तूंचं दुकान) १५ डॉलरला जाड लोकरी ब्लँकेट मिळालं, थोडा नॅप्थलीनचा वास आहे. एवढ्यावरच सकाळी सहाला १४ अंश. काका, तुम्ही आलात तर जेवायला या.
गॅस हीटरवाला माणूस येऊन गेला. नोंद साडेतीन वर्षांपूर्वीची निघाली. एक सील बदललं.
आता हीटर. शनिवारी तेलाचाच घ्यायला दुकानात गेलो होतो, काजूंचा सल्ला मानून. तिथून आईला व्हिडिओ कॉल लावला. तेलाचा दाखवला. ती म्हणाली, "हा चालू आहे का बंद?" म्हटलं चालू आहे. म्हणाली, "मग दिसत का नाही?" थ्रो दाखवला तर "अंगावर करंट घेऊन मी झोपणार नाही." मग मागच्या फडताळावर बार हीटर होता, डेमोला लावलेला, दोन लाल नळ्या. एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "हा शेगडीसारखा आहे. हा घे."
४९ डॉलर. घेतला. पडला की आपोआप बंद होतो, पुढे जाळी आहे, भिंतीच्या सॉकेटमध्येच लावलाय, आणि पलंगापासून मीटरभरावर जमिनीला टेप मारून रेघ ओढली आहे. झोपताना मी स्वतः जाऊन बंद करणार. ओरडू नका.

नर्सबाई
मी ओरडतच नाही. रेघ दीड मीटरवर न्या. आणि खोलीतला स्मोक अलार्म दाबून बघा.

कोकणी_काजू
एवढा लांबलचक धागा वाचला, लिहिला, आणि बार हीटर. ठीक आहे.

जुनाजाणता_९४
एक बाजू मांडतो. वारा शिरणाऱ्या खोलीत हवा तापवण्यापेक्षा समोर बसलेल्या माणसाला थेट लागणारी ऊब जास्त कामाची. आई अगदीच चुकल्या नाहीत. झोपल्यावर मात्र बंद म्हणजे बंद.

अनुजा_क्लेटन
माणूस गरम करा हे मीच म्हणाले होते. वर बघा.

टार्नीटकर
बाकीच्या दीडशे डॉलरचं काय करणार? स्प्लिटसाठी बाजूला टाक.

गारठलेला_प्रेस्टन
आईने यादी पाठवली आहे. त्यात पहिलं, "पापड आणतेय, त्यावर भाजता येतील का?"

नर्सबाई
नाही.