छोटा, कथाप्रधान, जुन्या धाटणीचा प्लॅटफॉर्म गेम सुचवा

प्रश्न (कोथरूड, पुणे):
नमस्कार. हिंजवडीहून घरी पोहोचेपर्यंत आठ वाजून जातात, त्यामुळे महिनोन्महिने चालणारे गेम आता जमत नाहीत. लहानपणी टीव्हीला जोडून, कॅसेट घालून खेळायचो तशा ठळक पिक्सेलचा, पण ज्यात खरोखर गोष्ट आहे आणि जो दोन-तीन रात्रींत पूर्ण होतो, असा प्लॅटफॉर्म गेम (म्हणजे उड्या मारत अडथळे पार करण्याचा) हवा आहे. लॅपटॉप जुना आहे. आठवीतली मुलगीही सोबत बसेल. ‘सेलेस्ट’चे नाव ऐकले आहे, तो घ्यावा का?

प्रतिसाद १:
आपल्या अटी पाहता टेरी कॅव्हाना यांचा २०१० सालचा ‘व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही’ (एकूण सहा ‘व्ही’) आधी घ्यावा. यात उडी नाहीच. कळ दाबली की गुरुत्वाकर्षण उलटते आणि कॅप्टन विरिडियन छतावरून चालू लागतो. पांगलेले पाच सहकारी शोधून आणायचे, एवढीच कथा आहे. पण एका टप्प्यात सापडलेला सहकारी आपल्यामागे चालतो आणि आपण जमिनीवर असलो तरच पुढे येतो, छतावर गेलो की जागीच थांबतो. त्याला काट्यांपासून सांभाळून नेताना जी काळजी वाटते, ती कोणत्याही संवादाने वाटली नसती. मेलात तरी क्षणात जवळच्याच खुणेपासून पुन्हा सुरुवात होते, म्हणून कठीण असूनही चिडचिड होत नाही. दोन-तीन तासांत संपतो आणि जुन्या लॅपटॉपवर सहज चालतो.

प्रतिसाद २:
वरच्या शिफारशीशी सहमत आहे. मात्र मुलगी सोबत बसणार असेल तर माइक बिथेल यांचा २०१२ सालचा ‘थॉमस वॉज अलोन’ही पाहावा. पिक्सेल नाहीत, पात्रे म्हणजे नुसते रंगीत चौकोन. पण डॅनी वॉलेस यांच्या निवेदनामुळे प्रत्येकाला स्वभाव येतो. क्लेअर हा मोठा निळा चौकोन पाण्यावर तरंगतो, बाकीच्यांना पोहता येत नाही. ते तिच्या पाठीवर बसून पलीकडे जातात आणि आपण सुपरहीरो आहोत अशी तिची खात्री पटते. निवेदन इंग्रजीत असले तरी आठवीच्या मुलीला अवघड जाणार नाही.

‘सेलेस्ट’ (२०१८) मनाच्या अस्वस्थतेवरचा अतिशय प्रामाणिक गेम आहे, तो सोडू नकाच. परंतु त्याला आठ-दहा तास लागतात, म्हणून दिवाळीच्या सुट्टीसाठी ठेवावा. त्यातल्या असिस्ट मोडमध्ये वेग कमी करता येतो, त्यामुळे मुलीलाही स्वतः खेळता येईल. शक्य असल्यास कंट्रोलर घ्या. कीबोर्डवर तिरक्या झेपा घेताना बोटे अडखळतात.