१/१.३ इंची सेन्सरचा फोन असताना १८-५५ लेन्सच्या कॅमेऱ्याने खरंच फरक पडेल का?

प्रश्न

फोनचा मुख्य कॅमेरा १/१.३ इंची सेन्सरचा, एफ/१.८ आहे. सोबत अल्ट्रावाइड आणि ३ एक्स टेली (दूरचं जवळ आणणारा कॅमेरा). आता एपीएस-सी (फोनपेक्षा बराच मोठ्या) सेन्सरचा मिररलेस (लेन्स बदलता येणारा) कॅमेरा १८-५५ मिमीच्या किट लेन्ससकट (सोबत मिळणारी साधी झूम लेन्स) घ्यायचा विचार चालू आहे. फोटो रोजचेच: घरात दिव्याच्या उजेडात खेळणारी मुलं, माणसांचे क्लोज-अप, घरच्या कार्यक्रमातले ग्रुप फोटो, बाहेर फिरताना दिसेल ते आणि अधूनमधून पक्षी. सगळ्यात जास्त बिघडतात ते संध्याकाळचे मुलांचे फोटो. चेहरा एक तर फराटतो, नाहीतर मेणासारखा गुळगुळीत होतो. कॅमेरा घेतला तर यातलं नक्की काय सुधारेल आणि काय तसंच राहील?

प्रतिसाद १

किट लेन्सवरच थांबणार असाल तर नेमक्या त्या संध्याकाळच्या फोटोंत निराशा होईल. सेन्सर मोठा आहे म्हणून उजेड आपोआप जास्त मिळत नाही. तो लेन्समधून आत यावा लागतो.

हिशोब अगदी सोपा आहे. फोकल लेंथला (लेन्सचं मिमीतलं माप) एफ-नंबरने (एफ/ नंतरचा आकडा) भागलं की लेन्सच्या झरोक्याचा व्यास मिळतो. तुमच्या फोनसारख्या कॅमेऱ्याची खरी फोकल लेंथ साधारण ६.८ मिमी असते (फुल-फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या मापात २४ मिमी). भागिले १.८, म्हणजे व्यास ३.८ मिमी. किट लेन्स १८ मिमीला एफ/३.५, म्हणजे ५.१ मिमी. दोन्हींत दिसणारं दृश्य जवळजवळ तेवढंच रुंद. रुंदीतला थोडा फरक धरला तर कॅमेऱ्याला मिळणारा उजेड फोनच्या जेमतेम दीडपट भरतो. शिवाय फोन एका टिचकीत अनेक फ्रेम टिपून त्या एकावर एक जुळवतो, कॅमेरा एकच घेतो. समोरची वस्तू हलत नसेल तर कॅमेऱ्याची ही दीडपट आघाडी फोन सहज भरून काढतो. म्हणूनच नवा कॅमेरा आणून दिवाणखान्याचा फोटो काढला की लोकांना फोनचाच बरा वाटतो.

पण तुमचा विषय दिवाणखाना नाही, हलणारं मूल आहे. इथे फ्रेम जुळवण्याची युक्ती कोलमडते. प्रत्येक फ्रेममध्ये चेहरा वेगळ्या जागी असतो, त्यामुळे सॉफ्टवेअर तेवढा भाग एक-दोन फ्रेममधूनच उचलतं आणि त्यातला नॉइज (दाणेदारपणा) पुसून टाकतं. मागची भिंत स्वच्छ आणि चेहरा मेणाचा, असं दिसतं ते यामुळे. आणि माणसांसाठी आपण बहुधा २ एक्स दाबतो, तिथे फोन आणखी मागे पडतो. २ एक्सला बहुतेक फोन सेन्सरचा मधला चतुर्थांश भागच वापरतात. झरोका तोच ३.८ मिमी, दृश्य मात्र निम्म्या रुंदीचं, म्हणून कामी येणारा उजेड पाव.

आता एपीएस-सीवर ३५ मिमी एफ/१.८ ची प्राइम (झूम नसलेली) लेन्स धरा. झरोका १९.४ मिमी, दृश्य साधारण २ एक्सएवढंच. उजेड फोनच्या २ एक्सपेक्षा वीसपटीहून अधिक, म्हणजे चार स्टॉपहून जास्त (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). फोनला जिथे १/३० सेकंद लागतं तिथे तेवढ्याच नॉइजमध्ये १/५०० मिळू शकतं. किट लेन्स याच जागी (३२ मिमीच्या आसपास, एफ/४.५) साडेतीन पटच देते.

तेव्हा माझं मत सरळ आहे. घ्यायचाच असेल तर बॉडी जुनी किंवा साधी चालेल, पण ३५ मिमी एफ/१.८ पहिल्या दिवसापासून हवी. ती घेणार नसाल तर फोनच ठेवा.

प्रतिसाद २

वरचा हिशोब बरोबर आहे, पण खरेदीच्या आधी रोग ओळखायला हवा. बिघडलेले वीस-पंचवीस फोटो उघडा, पूर्ण झूम करा आणि फोटोच्या तपशिलात शटर (उजेड किती वेळ घेतला), आयएसओ (उजेडाला दिलेली संवेदनशीलता) आणि फोकल लेंथ वाचा.

सगळीच फ्रेम एकाच दिशेने फराटली असेल तर तुमचा हात हललाय. भिंत स्पष्ट आणि फक्त मूल फराटलेलं असेल तर शटर कमी पडलंय. मागचं कपाट धारदार आणि चेहरा मऊ असेल तर फोकस चुकलाय. आणि सगळ्या फोटोवर धुकं, दिव्यांभोवती तिरप्या रेघा असतील तर लेन्सवर बोटाचं तेल आहे. मऊ सुती कापडाने पुसलं की संपलं. हे शेवटचं कारण फार जणांच्या बाबतीत निघतं आणि त्यावर कोणताही कॅमेरा घ्यायची गरज नसते.

टेलीची एक वेगळी गंमत तपासा. घरात ३ एक्स लावा आणि टेली लेन्सवर बोट ठेवा. चित्र काळं झालं नाही तर फोन टेली वापरतच नाहीये, मुख्य कॅमेऱ्याचा तुकडा कापून मोठा करतोय. उजेड कमी असला की बरेच फोन असं करतात, कारण टेलीचा सेन्सर लहान असतो. अशा वेळी १ एक्स किंवा २ एक्सला राहून दोन पावलं पुढे जा. मात्र १ एक्सवर चेहऱ्याच्या अर्ध्या मीटरवर जाऊ नका, नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. तो दोष लेन्सचा नाही, अंतराचा आहे. दीड मीटरवरून २ एक्सने काढा, चेहरा जागेवर येतो.

शटर कमी पडत असेल तर प्रो मोडमध्ये (सेटिंग हाताने ठरवायचा मोड) शटर १/२०० ते १/२५० ठेवून आयएसओ ऑटोवर सोडा. फोटो दाणेदार येईल, पण चेहरा फराटणार नाही. दाणे नंतर कमी करता येतात, फराटा कशाने जात नाही. नाइट मोड मुलांसाठी बंदच ठेवा, तो एक ते तीन सेकंद उजेड गोळा करतो. आणखी एक फरक लक्षात ठेवा: भरपूर उजेडात फोन सतत फ्रेम साठवत असतो, म्हणून बटण दाबलं त्या क्षणाचा फोटो मिळतो. अंधारात तो बटण दाबल्यानंतर टिपायला लागतो, तेव्हा मूल पुढे गेलेलं असतं.

आणि मुलांना खिडकीजवळ खेळू द्या. खिडकीपासून एक मीटर आणि तीन मीटर यांत दोन-तीन स्टॉपचा फरक सहज पडतो. यासाठी काहीच विकत घ्यावं लागत नाही.

प्रश्नकर्ता

तपासलं. बिघडलेल्या बहुतेक फोटोंत शटर १/३० ते १/५०, आयएसओ १००० च्या वर. भिंत स्पष्ट, मूल फराटलेलं. प्रो मोडमध्ये १/२५० ला फराटा गेला, पण डोळ्यांतले बारकावेही गेले. म्हणजे उजेडच कमी पडतोय असं धरतो. ३५ मिमी एफ/१.८ घेतली तर सेटिंग कशी ठेवायची? ग्रुप फोटोलाही एफ/१.८ च चालेल का?

प्रतिसाद ३

ग्रुपला एफ/१.८ अजिबात नको. नव्या कॅमेऱ्याचे सर्वाधिक फोटो इथेच बिघडतात.

फोनमध्ये पुढचं-मागचं सगळंच स्पष्ट येतं, त्यामुळे फोकसची खोली सांभाळायची सवय कोणालाच नसते. एपीएस-सीवर ३५ मिमी एफ/१.८ ने दीड मीटरवरच्या चेहऱ्यावर फोकस केला तर स्पष्ट पट्टा साधारण १३ सेंमीचा असतो. एक मीटरवर तो ६ सेंमीच. शेजारी बसलेला माणूस थोडा मागे टेकला की त्याचा चेहरा मऊ. दोघांसाठी एफ/४ ठेवा, दीड मीटरवर जवळपास ३० सेंमी मिळतात. दोन रांगांच्या ग्रुपला तीन मीटर मागे जा आणि एफ/५.६ ठेवा, दीड मीटरहून जास्त खोली मिळते. फोकस पुढच्या रांगेतल्या चेहऱ्यावर. अर्थात एफ/५.६ ला उजेड पुन्हा कमी पडतो, पण ग्रुप फोटोत माणसं उभी असतात, १/१०० चालून जातं. खरं सांगायचं तर घरातल्या ग्रुपला तुमचा फोन या लेन्सइतकाच चांगला आहे. तिथे कॅमेऱ्याचा आग्रह धरू नका.

मुलांसाठी एकदाच करून ठेवायची मांडणी अशी. मोड अॅपर्चर प्रायॉरिटी (डायलवर ए किंवा एव्ही; यात झरोका किती उघडायचा ते आपण ठरवतो), अॅपर्चर एफ/२. आयएसओ ऑटो, कमाल मर्यादा ६४००. ऑटो आयएसओच्याच मेनूत किमान शटर स्पीड असतो, तो १/२५० करा, धावाधाव असेल तर १/५००. हा आकडा हातांनी भरला नाही तर कॅमेरा फोकल लेंथ पाहून १/६० च्या आसपास शटर धरतो आणि एवढी लेन्स घेऊनही मूल फराटतं. काही साध्या मॉडेलांत ही सोय नसते. तिथे शटर प्रायॉरिटीत १/२५० ठेवायचं. फोकस सिंगलवरून कंटिन्युअसवर न्या आणि डोळे ओळखण्याची सोय चालू करा. फाइल रॉ (सेन्सरची प्रक्रिया न केलेली फाइल) आणि जेपेग दोन्ही.

दिव्यांची काळजी घ्या. वीज ५० हर्ट्झची असेल तर स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि वेगवान शटरला फोटोत आडवे काळपट पट्टे येतात. ६० हर्ट्झ असेल तर १२० वेळा. पट्टे दिसले तर १/१०० (किंवा १/१२०) ला उतरा आणि मूल क्षणभर थांबेल तेव्हा बटण दाबा. मॉडेलात मेकॅनिकल शटर असेल तर सायलेंट मोड घरात बंद ठेवा. त्यात इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचतं, त्यामुळे पट्टे वाढतात आणि हलणाऱ्या वस्तू तिरप्या होतात.

बाहेर पहिल्या दिवशी आणखी एक धक्का बसेल. माणूस उन्हाकडे पाठ करून उभा असला की फोन चेहरा उजळवतो आणि आकाशही राखतो. कॅमेऱ्यात एक तर चेहरा काळा किंवा आकाश पांढरं. कॅमेरा बिघडलेला नाही, त्याने एकच एक्स्पोजर घेतलंय. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम गडद-उजळ करायची सेटिंग) -०.७ करून आकाश वाचवा, मग रॉ फाइलमध्ये सावल्या दोन-तीन स्टॉप वर उचला. त्वचेचा रंग आणि पोत फोनच्या एचडीआरपेक्षा (गडद-उजळ भाग आपोआप जुळवण्यापेक्षा) नैसर्गिक राहतो. पण हे काम फोटोमागे एक-दोन मिनिटं मागतं. तेवढं करायची तयारी नसेल तर बाहेरचे सर्वसाधारण फोटो फोननेच काढा.

प्रतिसाद ४

पक्ष्यांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. ३५ मिमी आणि १८-५५ दोन्हींचा तिथे उपयोग नाही. किमान ७०-३०० हवी. एपीएस-सीवर ती ४५० मिमीसारखी पोचते. बसलेल्या चुळबुळ्या पक्ष्याला १/१०००, उडत्याला १/२०००. फोनचा १० एक्स किंवा त्यापुढचा झूम चित्र मोठं करून पिसांचा पोत अंदाजाने भरतो. छोट्या पडद्यावर छान दिसतं, मोठं केलं की पिसं रंगवल्यासारखी दिसतात. पक्षी खरंच अधूनमधूनच असतील तर ही लेन्स नंतर घ्या.

मेगापिक्सेलच्या आकड्यांत अडकू नका. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ए४ छापायला ३५०८ × २४८० पिक्सेल लागतात, म्हणजे ९ मेगापिक्सेलच्याही आत. १२ मेगापिक्सेलचा फोन-फोटो त्याला पुरतो. मेसेजिंग अॅपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत मात्र छापायला देऊ नका, ती आकसलेली असते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

प्रतिसाद ५

सेकंडहँड बॉडी आणि लेन्स बघणार असाल तर हे तपासा. लेन्सच्या एका टोकातून टॉर्च मारून दुसऱ्या टोकातून तिरपं पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्त मिळाली तरी नको. धुळीचे दोन-चार कण चालतात. बॉडीचा शटर काउंट (आजवर किती फोटो काढले तो आकडा) विचारा. साध्या बॉडीचं शटर बहुधा लाखभर फोटोंसाठी बनवलेलं असतं. मग एफ/१६ ला कोऱ्या आकाशाचा फोटो काढा. करडे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ, ती हवेच्या फुग्याने जाते. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचा डाग धुळीपेक्षा चिवट असतो. लेन्स बदलताना कॅमेरा बंद आणि बॉडीचं तोंड खाली.

साठवताना बॅग नको, हवाबंद डबा हवा. आत सिलिका जेल आणि एक छोटा हायग्रोमीटर ठेवा, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहू द्या. जेलचा रंग बदलला की तापवून वाळवा. आणि कॅमेरा अशा जागी ठेवा जिथून तो दहा सेकंदांत हाती येईल: लेन्स लावलेली, बॅटरी भरलेली, कार्ड आत. घरातल्या मुलांचे फोटो काढण्यासाठी घेतलेला कॅमेरा कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेला की पुन्हा सगळे फोटो फोननेच निघायला लागतात.