सात जणांसाठी गाडी: हायक्रॉस की सफारी?

प्रश्न: आईबाबा, आम्ही दोघे आणि तीन मुले पुण्याहून वरचेवर कोकणात जातो, आईचे गुडघे दुखतात. टोयोटा इनोव्हा हायक्रॉस घ्यावी की टाटा सफारी?

उत्तर १: हायक्रॉसचा व्हीलबेस (पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर) २८५० मिमी आहे, सफारीचा २७४१; हे अंतर जास्त तर आत जागा साधारणपणे जास्त, त्यामुळे तिसऱ्या रांगेत कोण बसणार हे आधी ठरवा आणि आईंना शोरूममध्ये नेऊन, पायरीवरून चढून दुसऱ्या रांगेत बसताना त्रास होतो का, ते प्रत्यक्ष पाहा.

उत्तर २: घाटात सातही जण बसलेले असताना डिझेल सफारीची ओढ मला अधिक भावते, शहरातल्या गर्दीत मात्र हायब्रिड (पेट्रोल इंजिनासोबत विजेची मोटर असलेली) हायक्रॉसच इंधन वाचवते.

उत्तर ३: बुकिंगच्या पावतीवर व्हेरियंट, रंग व रद्द केल्यास परतावा लिहून घ्या. विमा डीलरकडूनच घेण्याची सक्ती नसते. नोंदणीपूर्वी गाडीच्या उत्पादनाचा महिना अवश्य तपासा.