घाणेरीच्या पाल्याचा काढा किती द्यावा? (मदत हवी आहे, लवकर)

अनुजा_के: आईचे गुडघे फार दुखतात. शेजारच्या काकूंनी घाणेरीच्या पाल्याचा काढा सांगितलाय. प्रमाण कुठेच धड मिळत नाही. कृपया 'डॉक्टरांना विचारा' एवढंच लिहू नका.

टेकडीवाला: घाणेरी म्हणजे टणटणी की रानमोडी? लोक सर्रास गल्लत करतात. फोटो टाका.

अनुजा_के: फोटो कशाला? लाल-पिवळी फुलं, काटेरी, कुंपणाला असते ती. प्रमाण सांगा ना.

गोठेकर: म्हणजे टणटणी. प्रमाण शून्य! चाराटंचाईत आमच्या गायीने खाल्ली होती. डोळे पिवळे, रवंथ बंद, आणि अंगावरचे पांढरे पट्टे तेवढे उन्हाने भाजून सोलले. काळ्या कातडीला काही नाही. पाल्यातल्या लँटाडिनने यकृत बिघडतं, पित्त अडतं. सावलीत बांधून, औषधी कोळसा पाजून कशीबशी वाचली.

रानवैद्य: गायीने पाटीभर खाल्ली असेल, माणसाला चार पानांनी काय होतंय! आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जखमेवर पाला ठेचून लावतो.

गोठेकर: लावणं वेगळं, पिणं वेगळं. आणि कसल्या पिढ्या? झाड मूळचं अमेरिकेतलं. इंग्रजांनी १८०९ च्या सुमारास शोभेसाठी कलकत्त्याच्या बागेत आणलं. चरकाने पाहिलंसुद्धा नसेल.

सुगरण७: आम्ही लहानपणी पिकलेली काळी फळं खायचो, मस्त लागतात.

गोठेकर: हे इथे वाचून कोणी पोराला हिरवी देईल, ताई. ती विषारी असतात.

टेकडीवाला: बांधावरची कशी घालवावी? छाटली की दुप्पट फुटते.

लॅबवाली: अनुजा, आईंना दुसरी औषधं कोणती चालू आहेत?

अनुजा_के: बीपीची. आणि आमवाताची एक, पण ती आठवड्यातून एकदाच असते म्हणून लिहिली नाही.

लॅबवाली: पाकिटावर मेथोट्रेक्सेट लिहिलंय का? त्या गोळीवर असताना मुळातच यकृताच्या तपासण्या करत राहाव्या लागतात. काढा दिलात का?

अनुजा_के: हो, तीच आहे. काल अर्धा कप दिला. आज ठीक आहे.

लॅबवाली: आता थेंबही नको. गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आत्ताच फोन करा, पाल्याचं नाव सांगा. उलट्या, गडद लघवी किंवा डोळे पिवळे दिसले तर थेट दवाखाना.

रानवैद्य: मी तर म्हणतो, निर्गुडीने शेकून बघा.

अनुजा_के: फोन लावतेय, उचलत नाहीयेत.

लॅबवाली: मग इतर कुठलाही फिजिशियन गाठा, वाट बघू नका.

टेकडीवाला: बांधाचं कोणी सांगेल का?

गोठेकर: पावसात माती मऊ झाली की मुळासकट उपटा, वर लगेच गवत लावा. हातमोजे घाला.