मदत हवी आहे: काउल (इंजिनावरचं झाकण) चढवलं की इंजिन तापून बंद पडतंय

नमस्कार मंडळी. एक्स्ट्रा ३०० विमानाचं रिमोटवर उडणारं मॉडेल, ०.४६ घनइंचाचं टू-स्ट्रोक ग्लो इंजिन. काउल काढून उडवलं तर टाकी संपेपर्यंत मस्त चालतं. काउल चढवलं की उभ्या चढाईत आवाज बसतो आणि थोड्याच वेळात बंद. नीडल रिच करून (म्हणजे इंधन वाढवून) पाहिली, इंधनात तेल १८ टक्के आहे. म्हणजे घोळ हवेच्या वाटेचाच.

पुढे दोन ऐसपैस भोकं, पण हवा बाहेर पडायला सायलेन्सरपाशी जेमतेम फट. खरं तर बाहेरची वाट आतल्यापेक्षा निदान दुप्पट हवी. त्यात सिलिंडर उजवीकडे आडवा, त्यामुळे डाव्या भोकातली हवा फिन्सना (सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पात्यांना) न शिवताच निघून जाते. (कंपनीवाले काउल बहुतेक फोटोसाठीच बनवतात!) डावं भोक आतून बाल्साने बुजवून फिन्सलगत पातळ प्लायचा आडोसा लावणार आहे.

आडोसा आणि फिन्समध्ये किती मिलिमीटर अंतर ठेवता? खालची फट फायरवॉलपर्यंत (इंजिन बसवतात त्या फळीपर्यंत) कापली तर फायबरग्लास थरथरून तडकेल का? फटीच्या पुढच्या काठाला बाहेर वळलेली पट्टी लावून हवा जास्त खेचली जाते, असा कुणाचा अनुभव? नागपूरचा मे महिना आहे, त्या हिशोबाने सांगा.